वन्सं आणि त्यांच्या जोडीच्या देवी

पृथ्वीच्या पाठीवरची प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या ग्रीक देवीच्या वळणावर गेलेली असते, आणि ती कोणत्या देवीच्या हे ओळखायला फार तर बसचा एक थांबा जाईपर्यंतचा वेळ पुरतो, असं छातीठोकपणे मानणारी बाई अख्ख्या हॉलंडात एकच होती आणि ती नेमकी माझी नणंद होती. नवऱ्याची सख्खी थोरली बहीण. तोंडावर मी त्यांना ताई म्हणायची, मनात मात्र वन्सं. आजकाल वन्सं कोणी म्हणत नाही हे मला ठाऊक आहे, पण काही रागांना जुनाच शब्द लागतो. शिवाय राग हा शब्दही मी सभ्यपणा म्हणून वापरते आहे. मला त्यांचा हेवा वाटायचा. सरळ, स्वच्छ, पोटात दुखेल असा हेवा. त्याचं मोठं कारण पुढे येईलच, पण सुरुवात शिपोलच्या विमानतळावर आम्ही उतरलो त्याच सकाळी झाली होती, हे आधी सांगून टाकते.

वन्सं पुण्यात संस्कृत शिकल्या. मग संस्कृतच्या शेजारी ग्रीक ठेवून बघायची हौस म्हणून शिष्यवृत्ती घेऊन नायमेखनला आल्या, तेव्हा माझा नवरा अर्ध्या चड्डीत होता. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेल्या वन्सं परत गेल्याच नाहीत. लग्न केलं नाही, घर केलं ते इथेच, आणि इथल्याच एका शाळेत डच पोरांना प्राचीन ग्रीक शिकवत राहिल्या. पुण्याच्या घरी त्यांचा विषय निघाला की सासूबाई नुसत्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. पुढे सासूबाई गेल्या, माझ्या नवऱ्याला नायमेखनलाच कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात नोकरी लागली आणि छोट्या सानिकाला घेऊन आम्ही इकडे आलो. विमानतळावर माझ्या एका खांद्यावर झोपलेली सानिका होती आणि दुसऱ्या हातात प्रेशर कुकर, कारण तो बॅगेत मावला नव्हता. वन्संनी भावाच्या गालांवर इथल्या पद्धतीने पाप्या घेतल्या, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि चालायला लागल्या. गाडीच्या फलाटावर पोचेपर्यंत त्यांनी दोन बायकांचा निकाल लावला होता. तिकिटाच्या खिडकीतली गोरीपान, ताठ मानेची बाई हेरा. फरशी पुसायचं यंत्र झपाझप चालवणारी उंच मुलगी आर्टेमिस, म्हणजे रानात धावणारी शिकारीण. माझ्या नवऱ्याने मोठ्या कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं की आणि ही? वन्संनी एकवार कुकरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हिचं अजून बघायला हवं. हे बघणं पुढे कैक वर्षं चाललं. फरशी पुसणारीला जागच्या जागी देवी मिळाली आणि घरच्या सुनेचा अर्ज पडून राहिला, तर कोणाचं पोट दुखणार नाही?

त्यांची एक पद्धत होती. एकटी देवी कधी कळत नाही, असं त्या म्हणायच्या. तिच्या शेजारी दुसरी आणून बसवली की मग दोघीही कळतात. त्यामुळे त्यांच्या घरात अथेन्सहून आणलेल्या प्लास्टरच्या देवी जोडीजोडीने राहायच्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर अथेनाच्या पायाशी मिठाची बरणी आणि अफ्रोडाइटीच्या पायाशी साखरेची. एक डोक्याने चालणारी, शिरस्त्राण घातलेली, कापड विणणाऱ्यांची आणि शहाण्यांची. दुसरी गुलाबांची, कबुतरांची, माणसाला वेडं करणारी. अथेनाला तिच्या गावचे लोक दर मोठ्या उत्सवात नवं विणलेलं वस्त्र मिरवत नेऊन वाहायचे, आपण गौरींना नवी साडी नेसवतो तसं, हे त्या मीठ काढता काढता सांगायच्या. मी एकदा आपलं समजूतदारपणे म्हटलं, म्हणजे एक लढणारी आणि एक नटणारी. तर वन्संनी पोळपाट खाली ठेवला. स्पार्टा नावाच्या गावी अफ्रोडाइटीच्याच हातात भाला आणि अंगात चिलखत असायचं, आता बोल, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. त्या दिवशी चहात चुकून मीठ पडलं, कारण बोलण्याच्या नादात त्यांनीच बरण्यांची जागा बदलली होती. तो चहा त्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या आणि स्पार्टातला चहा असाच असणार म्हणाल्या.

दिसायला त्या कोणासारख्याच नव्हत्या. बारा महिने सुती पाचवारी साडी, निऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, वर पिवळंजर्द पावसाळी जॅकेट, आणि या अवतारात सायकलवर. नायमेखनला चढ आहेत. बाकीचा सपाट हॉलंड ज्यांना माहीत आहे त्यांना हे खरं वाटत नाही, पण आहेत, आणि त्या चढांवर वन्सं माझ्यासारख्या अर्ध्या वयाच्या बायकांना मागे टाकून पुढे जायच्या, वर पोचल्यावर थांबायच्या आणि मी धापा टाकत आले की पाताळातून पर्सिफोनी यापेक्षा लवकर वर आली होती म्हणायच्या. एवढ्या वर्षांत हॉलंड त्यांच्यात मुरला होता. सख्ख्या भावजयीला भेटायचं तरी डायरी काढायच्या आणि पुढच्या गुरुवारी चार ते पाच मोकळी आहे का विचारायच्या. गेल्यावर कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडायचा, प्रत्येकी एक बिस्कीट घ्यायचं, की डबा बंद. त्या झाकणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. पहिल्यांदा मी दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे केला होता आणि तो तसाच टेबलावरची धूळ झटकून परत आणला होता.

महाराष्ट्र मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम युट्रेख्टला एका भाड्याच्या हॉलमध्ये असायचा. दोन हजार पाच सालचं हळदीकुंकू मंडळातल्या बायका अजून विसरलेल्या नाहीत. वन्सं सहसा यायच्या नाहीत. त्या वर्षी आल्या, आणि तिळगूळ हातावर पडायच्या आत त्यांनी देवी वाटायला सुरुवात केली. आयंडहोव्हनच्या एका साध्यासुध्या बाईला अफ्रोडाइटी म्हणाल्या. त्या बाईने पुढच्याच कार्यक्रमाला बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला आणि तिचा नवरा इतकी वर्षं क्रिकेटचा स्कोअर बघत कोपऱ्यात बसायचा तो तिच्या शेजारी येऊन बसायला लागला. दुसऱ्या एकीला आर्टेमिस केलं, तिने मुलांच्या मागे लागणं सोडून पळण्याचे क्लास लावले. घोटाळा झाला तो मंडळाच्या सेक्रेटरीच्या बायकोमुळे. तिला वन्संनी हेरा ठरवलं आणि हेरा म्हणजे देवांची राणी, लग्नाची राखणदार, असं सांगितलं. बाई खूश. मग कोणीतरी घरी जाऊन इंटरनेटवर पाहिलं, तर हेराच्या नवऱ्याचे, म्हणजे झ्यूसचे, सगळे पराक्रम निघाले. आठवड्याभरात मंडळातल्या बायका सेक्रेटरीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. बिचारा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करायचा आणि संध्याकाळी साडेसहाला घरी यायचा. त्याच कार्यक्रमात बटाटेवडे वाटले जात असताना वन्संनी सांगितलं की धान्याच्या देवीचा, डिमीटरचा, सण असाच फक्त बायकांचा असायचा, पुरुषाला आत पाऊल टाकता यायचं नाही, पण त्यात एक दिवस जमिनीवर बसून कडक उपास असे. तेव्हा वडे खाली ठेवून आपण जमिनीवर बसून बघूया का? कोणी बसलं नाही. मी मात्र मनातल्या मनात खट्टू होते, कारण एवढ्या जणींना देवी मिळाल्या आणि माझ्या हातावर नुसता तिळगूळ पडला होता.

माझ्या नवऱ्यालासुद्धा देव मिळाला होता. कारखान्यात भट्टीपाशी काम करतो म्हणून तो हिफेस्टस, देवांचा लोहार. तो लोहार लंगडा होता आणि त्याची बायको त्याला फसवायची, हे मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं, तरी त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कमी होईना. ताईने म्हटलं ना, मग बरोबर असणार, असं म्हणून तो जेवायला बसला. मग मीही पेटले. देवी काय, आपणही होऊ शकतो. एका दिवाळीत मी पैठणी नेसून, गजरा माळून आणि गडद लिपस्टिक लावून वन्संच्या दारात उभी राहिले. त्यांनी मला सर्दी झाली आहे का विचारलं, कारण गजऱ्याच्या कृत्रिम फुलांवर मारलेल्या अत्तराने मला शिंका येत होत्या. अथेना व्हावं म्हणून विणायला घेतलं, तर स्वेटरला एक बाही जास्त झाली. आर्टेमिससाठी सायकल जोरात मारली आणि शाळेच्या कुंपणात गेले. वन्संनीच माझ्या कोपराला पट्टी लावली, अगदी हळुवार लावली, फुंकरही घातली, आणि म्हणाल्या, अजून बघायला हवं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण सानिका होती.

सानिका इथल्या बालवाडीत गेली आणि बघता बघता तिच्या तोंडून मराठी गेलं. समजायचं सगळं, मी मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, फार लाडात आली तर इंग्रजीत. मी स्वतः सक्तीच्या डच वर्गाला जाऊन 'ही सायकल माझी आहे' आणि 'डॉक्टरांची वेळ मिळेल का' एवढ्यावर अडखळत होते, त्यामुळे माझ्याच पोटची मुलगी माझ्याशी माझ्यापेक्षा चांगल्या डचमध्ये भांडायची आणि जिंकायची. मी तिला रागवायचे ते मात्र मराठीत. कुठे उलथली होतीस, जॅकेट कुठाय, जेवलीस का काही. ती खांदे उडवायची. पुण्याला फोन लावला की माझी आई तिकडून बोलत राहायची आणि इकडे सानिका रिसीव्हर माझ्या हातात कोंबून पळायची. रात्री तिला थोपटताना आपली मुलगी हळूहळू कुठेतरी दूर चालली आहे असं मला खरोखर वाटायचं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. नवरा म्हणायचा, येईल गं परत.

इथल्या शाळा बुधवारी दुपारी बंद असतात आणि माझा डच वर्ग नेमका बुधवारी दुपारी. म्हणून सानिका बुधवारी आत्याकडे जायची. त्या दिवसासाठी वन्संच्या डायरीत तिला वेळ घ्यावी लागत नसे, हे मी लगेच टिपलं. परत आली की तिचे गाल लाल आणि डोळे चमकत असायचे. काय केलं विचारलं तर डचमध्ये म्हणायची, अस्वल झालो होतो. अथेन्सजवळ आर्टेमिसच्या देवळात म्हणे लहान मुली अस्वल व्हायच्या, तर या दोघी वन्संच्या दिवाणखान्यात गालिच्यावर रांगत होत्या. वन्संचं वय काय, गुडघे काय. आर्टेमिस लग्न न करणारी आणि हेरा लग्न राखणारी, पण लग्नाआधी मुली आपली खेळणी हेराला नाही, आर्टेमिसला नेऊन वाहायच्या, हेही सानिकाला तिथेच कळलं. त्याचा परिणाम असा की माझ्या आईने तुळशीबागेतून घेऊन पाठवलेली नऊवारीतली बाहुली एका बुधवारी घरातून गेली ती वन्संच्या फळीवर आर्टेमिसच्या शेजारी जाऊन बसली. मी विचारलं तर सानिका डचमध्ये म्हणाली, वाहिली. नाकात नथ घातलेली ती बाहुली पुढे दर भेटीत वन्संच्या घरातून माझ्याकडे बघायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कळस झाला तो डाळिंबाचा. सानिका डाळिंब खात नसे. बाजारातल्या तुर्की माणसाकडून मी चांगली लालबुंद डाळिंबं आणून, सोलून, वाटीत घालून, तिखटमीठ लावून दिली, तरी ती 'हुफ्त नीत, मम' म्हणायची. म्हणजे नको, गरज नाही. आणि एका बुधवारी ती परत आली तेव्हा तिच्या पांढऱ्या टीशर्टवर डाळिंबाचे डाग होते. आत्या सोलून देते, म्हणाली. हवे तेवढे. बिस्किटाचा डबा एका बिस्किटानंतर बंद करणाऱ्या वन्संकडे डाळिंबाला मोजमाप नव्हतं. रात्री जेवताना तिने बापाला त्या डाळिंबामागची गोष्ट सांगितली. डचमध्ये सांगितली तरी मला पुरेशी कळली. धान्याची देवी डिमीटर, तिची एकुलती एक मुलगी पर्सिफोनी. मुलगी फुलं तोडत असताना पाताळाचा राजा तिला पळवून नेतो. आई मशाली घेऊन रानोमाळ शोधत फिरते, पिकं उगवायची थांबतात, शेवटी देव मुलीला परत पाठवायला राजी होतात; पण मुलीने तिथे डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो. जो पाताळात खातो त्याला पाताळात परत यावंच लागतं. म्हणून दर वर्षी थोडे महिने ती आईपासून लांब जाते आणि पृथ्वीवर हिवाळा येतो. माझा नवरा वा म्हणाला. मी मात्र त्या टीशर्टकडे बघत होते.

मी पुण्याच्या पेठेत वाढलेली, फिजिक्स शिकलेली बाई; ग्रीकांच्या डाळिंबाला घाबरणार नाही असं मला वाटलं होतं. पण पुढच्या बुधवारपासून मी सानिकाबरोबर डबा द्यायला लागले. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली, तिला सगळ्यात आवडणारी. तिकडे काही खायचं नाही, घरी खिचडी केली आहे ना, असं बजावून. मुलीचं पोट आधीच भरलं की ती परक्याच्या घरी दाणे टिपणार नाही असा माझा हिशोब होता. डबा दर बुधवारी रिकामा यायचा आणि डागही यायचे. हिवाळा जवळ आला होता आणि दुपारी चारलाच अंधारून यायचं, त्यामुळे मला ती गोष्ट जास्तच खरी वाटायला लागली होती.

तो हिवाळा गेला आणि वसंतातल्या एका बुधवारी माझ्या डच वर्गाच्या बाई आजारी पडल्या. वर्ग नाही म्हटल्यावर मी तशीच सायकल काढून वन्संकडे गेले. पुढचं दार न वाजवता मागच्या गल्लीतून, बागेच्या फाटकाने. टेहळणीला म्हणा. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत कोणीतरी मराठीत तावातावाने बोलत होतं. आधी मला वाटलं टेप लावली आहे, कारण तो आवाज माझा होता.

आत सानिका कमरेला ओढणी खोचून, एक हात कमरेवर ठेवून उभी होती. माझ्यासारखी, अगदी माझ्यासारखी, उजवा खांदा थोडा वर उचलून. आणि तिच्यासमोर, जणू आत्ताच कुठूनतरी वर आल्यासारख्या, पाठीवर सानिकाचं दप्तर लटकवून मान खाली घातलेल्या वन्सं.

"कुठे उलथली होतीस इतका वेळ?" सानिका म्हणत होती. स्वच्छ मराठीत, एकही शब्द न अडखळता. "शोधून शोधून पाय दुखले माझे. जॅकेट कुठाय? जेवलीस का काही?"

"थोडंच खाल्लं गं आई," वन्सं बारीक आवाजात म्हणाल्या. "डाळिंबाचे दाणे."

"तिकडे कशाला खायचं? घरी खिचडी केली आहे ना? आता बस इथे, केस विंचरते. किती गुंता केलाय बघ."

आणि वन्सं खरोखर खाली बसल्या आणि माझी दहा वर्षांची मुलगी त्यांचे पांढरे केस विंचरायला लागली. मराठीत बोलत, माझे सगळे शब्द वापरत. जे मी ओरडले होते, पुटपुटले होते, रागाने भिंतीशी बोलले होते, ते सगळं तिच्याकडे जसंच्या तसं होतं. एक शब्द हरवला नव्हता. मी बागेत उभी राहून हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही, दोन्ही असावं. तेवढ्यात सायकल पडली आणि आतल्या दोघींनी मागे वळून पाहिलं. सानिका लाजेने लाल झाली, डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि बागेतल्या झोपाळ्याकडे पळाली.

मी आत गेले. रागाने सुरुवात करायचं ठरवून आले होते. वन्संनी शांतपणे दप्तर काढून खुर्चीला अडकवलं.

"तुला देवी दिली नाही म्हणून रुसली आहेस ना इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या. "अगं, मी ठरवत होते तोवर तुझ्या लेकीने ठरवून टाकलं. डिमीटर कशी बोलत असेल, असं पहिल्याच बुधवारी विचारलं तिला. तिने तुझा आवाज काढला. मग मी कोण बदलणार?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही मुलगी व्हायचं? या वयात?"

वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं. सानिका झोपाळ्यावर उभी राहून झोके घेत होती.

"आईने मला कधी असं विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मी परत गेलेच नाही, तर ती विचारणार कधी? आता मला असं रागवायला कोण आहे? म्हणून बुधवारी मी पर्सिफोनी होते आणि सानिका तू होते. मला तुझा हेवा वाटतो, खरं सांगते. तूही माझा करतेस, ते मला दिसतं. करूया की. शेजारी शेजारी बसलं म्हणजे दोघीही नीट कळतात."

आता यावर माणसाने काय करायचं? मला सासूबाई आठवल्या, विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाणाऱ्या. मग मला एवढंच सुचलं. मी कमरेवर हात ठेवला, माझा उजवा खांदा आपोआप वर गेला असणार, आणि मी माझ्या नणंदेला, वयाने माझ्या आईएवढ्या बाईला, भरपूर रागवून विचारलं, "जेवलात का काही? की सकाळपासून नुसतं डाळिंबच?" जेवल्या नव्हत्या. खिचडीचा डबा टेबलावर होता. मी खिचडी गरम केली, सानिकाला हाक मारली. वन्संनी जेवायच्या आधी एक चमचा खिचडी वाटीत बाजूला काढून शेगडीजवळ ठेवली आणि जेवण झाल्यावर शेवटचे चार कण पुन्हा त्याच वाटीत टाकले. मी विचारलं तर सानिकानेच सांगितलं. ते हेस्तियाचं. डिमीटरची थोरली बहीण, चुलीची देवी. तिला लग्न नाही, मुलं नाहीत, तिची धड गोष्टसुद्धा नाही, म्हणून लोक तिची मूर्ती फारशी करत नाहीत. पण ग्रीकांच्या घरी पहिला नैवेद्य तिचा आणि शेवटचाही. आत्या अथेना नाही, हेस्तिया आहे, ती म्हणाली. एवढं शिकवणाऱ्या वन्संना मीही सगळ्यांसारखी अथेनाच समजत आले होते. त्या दिवशी बिस्किटांचा डबा उघडला गेला आणि कोणी तो बंद केला नाही.

पुढच्या वर्षी वन्सं निवृत्त झाल्या आणि एके दिवशी पुण्याला परत जायचं म्हणाल्या. इतकी वर्षं पाताळात काढली, आता वर जाऊन बघते, म्हणाल्या. नवऱ्याने खूप समजावलं, थंडी नको म्हणत असशील तर आमच्याकडे ये, हीटर वाढवतो. पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. जाताना प्लास्टरच्या देवी सानिकाला दिल्या, नथवाली बाहुली मला परत दिली आणि रबरी बूट कोणालाच दिले नाहीत; ते पुण्यात पावसाळ्यात घालणार होत्या. विमानतळावर त्यांनी मला पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पण अजून बघायला हवं असं म्हणाल्या नाहीत. माझ्या हातात या वेळी कुकर नव्हता, तरी हात मोकळे वाटले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांच्या जागी कोणी बसू नये म्हणून मी तिथे पर्स ठेवली.

आता बुधवारी दुपारी सानिका घरीच असते. तुर्की माणसाकडची डाळिंबं मी आणते, ती सोलते. मी वाटीकडे हात नेला की थांब, आधी आत्याचे, असं म्हणून पहिले दाणे एका छोट्या वाटीत काढून गॅसजवळ ठेवते. शेवटचे काही दाणेही त्यातच जातात. संध्याकाळी कामावरून येऊन ते हिफेस्टस खातो, ही गोष्ट वेगळी. सानिका अजूनही माझ्याशी डचमध्येच भांडते, आणि तिचं सगळं मराठी पुण्यातल्या एका बाईसाठी राखून ठेवलेलं आहे याचा मला अजूनही हेवा वाटतो. आम्ही फोन लावतो. घंटा बराच वेळ वाजत राहते, कारण वन्संना फोन सापडत नाही. मग एकदाचा तो बारीक आवाज येतो, सानिका माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेते, उजवा खांदा वर करते आणि माझ्या आवाजात विचारते, "कुठे उलथली होतीस इतका वेळ? जेवलीस का काही?"